एक दुवा, दोन पाने : संकेतस्थळाच्या वाचकांसाठी काही खुलासा



आपल्या संकेतस्थळाविषयी भाविकांकडून ज्या सूचना येतात त्यांत एक सूचना वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येते. ‘जत्रोत्सव’ या दुव्यावर टिचकी मारली असता उत्सवाचा कार्यक्रम आणि तेरेखोलला पोहोचण्याचा मार्ग, अशी दोन्ही पाने एकाच वेळी उघडावीत, अशी ती सूचना आहे. वरवर पाहता ही मागणी किरकोळ वाटते. एक दुवा जर एक पान उघडू शकतो तर दोन का उघडू नयेत, असे कोणासही वाटावे. तिचे उत्तर होय किंवा नाही अशा एका शब्दात देता येत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

मागणीमागील कारण प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. आपले गाव पेडणे तालुक्यातील असले तरी ते तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर आहे. जमिनीच्या बाजूने त्यास महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याने वेढलेले आहे. पेडण्याहून येणाऱ्याने केरीपर्यंत यावे आणि फेरीबोटीने नदी ओलांडावी. अथवा किरणपाणी-आरोंदा पुलावरून महाराष्ट्रात शिरावे आणि शिरोडा, रेडी करीत पुन्हा गोव्यात यावे. गोव्यातून गोव्यात येण्यासाठी दुसऱ्या राज्यातून वळसा घ्यावा लागतो, हे मुंबई-पुण्याच्या नव्या पिढीच्या लक्षात सहसा येत नाही. फेरीबोट रात्रभर चालत नाही. आपल्याकडील उत्सवाचा मुख्य भाग तर रात्रीचाच. पालखी, त्यानंतर दशावतारी नाटक, आणि पहाटे दहिकाला. ज्याने केवळ कार्यक्रमाचे पान वाचले तो पालखीची वेळ पाहून निघतो आणि केरीच्या धक्क्यावर येऊन समोरचे दिवे पाहत उभा राहतो. सोबत वृद्ध माणसे वा लहान मुले असली म्हणजे तो वळसा फारच जड जातो. तेव्हा दोन्ही माहिती एकत्र मिळावी ही अपेक्षा सर्वथा योग्य आहे. ती दोन पाने एकदम उघडून पुरी होते की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

दुवा म्हणजे नेमके काय

संकेतस्थळाचे पान ज्या भाषेत लिहिले जाते तिला एचटीएमएल म्हणतात. या भाषेत दुव्यासाठी ‘ए’ ही एकाक्षरी खूण वापरतात. हे ‘अँकर’ या शब्दाचे आद्याक्षर आहे. अँकर म्हणजे नांगर. खाडीकाठच्या आपल्या लोकांना हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. या खुणेमध्ये ‘एचरेफ’ नावाची एक जागा असते आणि तेथे ज्या पानावर जावयाचे त्याचा पत्ता लिहितात. या जागेत एकच पत्ता मावतो. दोन पत्ते एकापुढे एक लिहिले तर ब्राउझर त्या दोहोंना मिळून एकच, आणि अर्थातच चुकीचा, पत्ता समजतो. ‘एचरेफ’ हा शब्दच दोनदा लिहून दोन पत्ते दिले तर दुसरा निमूटपणे गाळला जातो. एका दुव्याच्या पोटात दुसरा दुवा घालण्यास भाषेच्या नियमांत मनाई आहे. थोडक्यात, पाकिटावर जसे एकाच घराचे नाव असते तसे दुव्याचे आहे.

ही मर्यादा मुळापासून अटळ होती असे मात्र नाही. जुलै १९४५ मध्ये अमेरिकेतील व्हॅनेव्हर बुश या शास्त्रज्ञाने ‘अटलांटिक’ मासिकात एक लेख लिहून ‘मेमेक्स’ नावाच्या एका कल्पित यंत्राचे वर्णन केले होते. हे यंत्र मेजाच्या आकाराचे असून त्यावर शेजारी-शेजारी पडदे असावयाचे होते. वाचकाने दोन पडद्यांवर दोन पाने आणावीत, एक कळ दाबावी, आणि ती दोन पाने कायमची एकमेकांशी जोडली जावीत, अशी त्यांची कल्पना होती. म्हणजे ज्या विचारातून आजचा दुवा उत्पन्न झाला त्या विचारात दोन पाने शेजारी-शेजारीच होती. पुढे टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द रूढ केला. मूळ मजकूर व त्याच्याशी संबंधित मजकूर समोरासमोर दिसावा आणि त्यांना जोडणारी रेघही डोळ्यांना दिसावी, हा आग्रह नेल्सन यांनी आयुष्यभर धरला. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत जागतिक जालाचा प्रस्ताव मांडला आणि १९९१ मध्ये ते जगापुढे आणले, तेव्हा त्यांनी दुवा शक्य तितका साधा ठेवला : एका जागेवरून एका पत्त्याकडे, तोही एकाच दिशेने. या साधेपणामुळेच जाल इतक्या झपाट्याने पसरले, असे जाणकार मानतात आणि प्रस्तुत लेखकास ते पटते. ज्या गोष्टीचे नियम एका कागदावर मावतात ती गोष्ट शाळेतील मुलेही करू लागतात.

अनेक टोके असलेला दुवा पुढे कागदोपत्री सिद्धही झाला. जालाचे नियम ठरविणाऱ्या ‘डब्ल्यूथ्रीसी’ या संस्थेने जून २००१ मध्ये ‘एक्सलिंक’ नावाची पद्धत अधिकृतपणे मान्य केली. तिच्यात एकाच दुव्याला दोन, तीन, हवी तितकी टोके देण्याची सोय आहे. परंतु ब्राउझर तयार करणाऱ्यांनी ही विस्तारित सोय उचलली नाही. त्यामुळे नियम आहे, व्यवहार नाही, अशी तिची अवस्था झाली.

चौकटींचा काळ

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. त्याच सुमारास, म्हणजे १९९५-९६ मध्ये, नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीने ‘फ्रेम’ म्हणजे चौकटींची सोय आणली. ब्राउझरच्या एका खिडकीचे दोन-तीन भाग पाडावयाचे आणि प्रत्येक भागात स्वतंत्र पान ठेवावयाचे, अशी ही रचना होती. पुष्कळ मराठी संकेतस्थळे व देवस्थानांची स्थळेही अनेक वर्षे याच पद्धतीची होती. वरच्या पट्टीत देवाचे छायाचित्र व नाव, डाव्या बाजूस इतिहास, उत्सव, पूजा, संपर्क अशी अनुक्रमणिका, आणि उजवीकडे मुख्य मजकूर. डावीकडील नावावर टिचकी मारली की उजवीकडील पान बदलत असे. दुव्यामध्ये ‘टार्गेट’ या शब्दापुढे चौकटीचे नाव लिहिले की झाले.

‘एका दुव्याने दोन पाने’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने या काळात जन्मास आला. ‘उत्सव’ या नावावर टिचकी मारल्यावर उजवीकडील मजकूर तर बदलावाच, पण वरच्या पट्टीतील छायाचित्रही उत्सवमूर्तीचे यावे, असे स्थळ सजविणाऱ्यास वाटे. ‘टार्गेट’ तर एकाच चौकटीचे नाव घेत असे. यावर दोन तोडगे निघाले. पहिला जावास्क्रिप्टचा. ही आज्ञावली-भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये असतानाच तयार केली होती. तिच्यात दोन ओळी लिहून पहिल्या चौकटीस एक पत्ता व दुसरीस दुसरा पत्ता देता येत असे. टिचकी एक आणि बदल दोन. दुसरा तोडगा अधिक चतुर होता आणि त्यास आज्ञावलीही लागत नसे. ज्या दोन चौकटी एकदम बदलावयाच्या त्या दोहोंना मिळून एक मोठी चौकट करावयाची, आणि दुव्याने त्या मोठ्या चौकटीत एक नवे पान आणावयाचे, जे पान स्वतःच पुन्हा दोन चौकटींत विभागलेले असेल. दुवा बिचारा एकच पान उघडी. त्या एका पानाच्या पोटात दोन पाने असत.

चौकटींस डिसेंबर १९९७ मध्ये एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीत अधिकृत मान्यता मिळाली खरी, पण त्यांचे दोषही वापराने उघडे पडत गेले. आतील पाने बदलली तरी ब्राउझरच्या वरच्या पट्टीतील पत्ता बदलत नसे. त्यामुळे एखाद्या भाविकाने ‘हे पान पाहा’ म्हणून पत्ता पाठविला तर दुसऱ्याकडे मुखपृष्ठच उघडे. शोधयंत्रावरून येणारा वाचक अनुक्रमणिकेविना नुसत्या मधल्या तुकड्यावर येऊन पडे. कोणत्या देवस्थानचे पान आहे हेही त्यास कळत नसे. छपाईत भलताच भाग कागदावर येई. अखेर ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीने चौकटींचे हे संपूर्ण प्रकरण कालबाह्य ठरविले. ‘आयफ्रेम’ नावाची पानाच्या आत बसणारी छोटी चौकट तेवढी मान्य राहिली. नकाशे व चलच्चित्रे दाखविण्यास ती आजही उपयोगी पडते. पण दुसऱ्याचे पान तिच्यात आणावयाचे तर त्या दुसऱ्याने परवानगी दिलेली असावी लागते, आणि पुष्कळ स्थळे ती देत नाहीत.

खिडक्यांवर बंदी का आली

चौकटी नकोत तर दुसरे पान स्वतंत्र खिडकीत उघडावे, हा पुढचा विचार सहज सुचतो. जावास्क्रिप्टमध्ये ‘विंडो.ओपन’ अशी आज्ञा आहे. ती दिली की नवी खिडकी उघडते. दोनदा दिली तर दोन खिडक्या उघडाव्यात. एके काळी उघडतही असत. दोन काय, वीस उघडत.

घात तेथेच झाला. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस ‘ट्रायपॉड’ या अमेरिकी स्थळावर काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी जाहिरात वेगळ्या खिडकीत उघडणारी आज्ञावली लिहिली. हेतू असा की कोणाच्या पानावरील मजकुराशी जाहिरातीचा संबंध जोडला जाऊ नये. बघता बघता ही युक्ती जगभर पसरली, आणि एक पान उघडावयास गेलेल्या माणसापुढे आपोआप उघडणाऱ्या खिडक्यांचा थवा येऊ लागला. २०१४ मध्ये झुकरमन यांनी एका लेखात याबद्दल जाहीर क्षमा मागितली. योगायोग असा की तो लेखही ‘अटलांटिक’मध्येच आला, दोन पाने शेजारी ठेवण्याची कल्पना ज्या नियतकालिकातून मांडली गेली, त्यातच एकोणसत्तर वर्षांनी तिच्या अतिरेकाची माफी मागितली गेली.

लोक त्रासले तेव्हा ब्राउझर तयार करणाऱ्यांनी दारे लावून घेतली. ऑगस्ट २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सुधारणा-संचात इंटरनेट एक्सप्लोररला अशा खिडक्या अडविण्याची सोय जोडली. इतर काही ब्राउझरांत ती त्याआधीच होती. आज प्रत्येक ब्राउझर हे काम न सांगता करतो.

आजचा नियम असा आहे. वाचकाने स्वतःच्या बोटाने टिचकी मारली असेल तरच नवी खिडकी उघडू द्यावयाची. आणि एका टिचकीच्या बळावर एकच. टिचकी मारताच ब्राउझर त्या पानास थोड्या क्षणांपुरती अनुमती देतो. पहिली खिडकी उघडताच ती अनुमती खर्ची पडते. दुसरीची आज्ञा आली की ती अडविली जाते. देवापुढे गाऱ्हाणे घालून प्रसाद लावताना एका प्रश्नाला एकच कौल घेतात, तसाच हा प्रकार समजावा. वाचकाने ‘या स्थळास खिडक्या उघडू द्याव्यात’ असे मुद्दाम नोंदवून ठेवले असेल तर गोष्ट निराळी. पण तसे नोंदविणारा भाविक शंभरांत एक तरी मिळेल की नाही, शंकाच आहे.

तरीही एक मार्ग शिल्लक आहे व तो जाणून घेण्यासारखा आहे. दुव्याच्या ‘एचरेफ’मध्ये पहिल्या पानाचा पत्ता नेहमीप्रमाणे लिहावयाचा, आणि त्याच दुव्यास ‘ऑनक्लिक’ या शब्दापुढे ‘विंडो.ओपन’ची आज्ञा जोडून तीत दुसऱ्या पानाचा पत्ता द्यावयाचा. टिचकी मारताच दुसरे पान नव्या टॅबमध्ये उघडते. त्या टिचकीची अनुमती तेथे संपते. पहिले पान मात्र त्याच टॅबमध्ये यावयाचे असल्याने त्यास अनुमतीची गरजच नसते. एक टिचकी, दोन पाने. ब्राउझरची तक्रार नाही. जावास्क्रिप्ट बंद असली तरी निदान पहिले पान उघडतेच, हाही गुण. दुसरे पान परक्या स्थळाचे असेल तर आज्ञेत ‘नोओपनर’ हा शब्द जोडावा, म्हणजे त्या परक्या पानास आपल्या मूळ टॅबवर हात फिरविता येत नाही. एवढी काळजी घेतली की तांत्रिकदृष्ट्या काम चोख होते.

मग हाच मार्ग का स्वीकारू नये? संगणकाच्या मोठ्या पडद्यावर बसलेला वाचक डोळ्यांपुढे ठेवला तर स्वीकारावा असे वाटते. पण बहुसंख्य भाविक आज भ्रमणध्वनीवर वाचतात. भ्रमणध्वनीवर नवी टॅब समोर येते आणि जुनी तिच्यामागे झाकली जाते. मागच्या टॅबमध्ये कार्यक्रमाचे पान उघडले आहे, याची खूण म्हणजे कोपऱ्यातील छोट्या चौकोनातील आकडा एकाचा दोन झालेला. तो कोण पाहतो? वाचकास वाटते आपण कार्यक्रमावर बोट ठेवले आणि भलतेच पान उघडले. तो ‘मागे’ जाऊ पाहतो, तर नव्या टॅबला मागचा इतिहास नसल्यामुळे तो पूर्वीच्या पानावर पोहोचतोच असे नाही. दृष्टिहीन भाविक पडदा वाचून दाखविणाऱ्या प्रणालीच्या साहाय्याने ऐकतात. त्यांना तर न सांगता बदललेली खिडकी म्हणजे हात धरून चालविणाऱ्याने मध्येच दुसऱ्या खोलीत नेऊन सोडावे तसे होते. नवी खिडकी उघडणार असेल तर दुव्यातच तसे आधी सांगावे, हा सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा संकेत आहे, तो याचसाठी.

आणखी एक अडचण आहे व ती या सर्वांहून मोठी आहे. उत्सवाची सूचना आज आपल्या मुखपृष्ठावरून फारसे कोणी उघडत नाही. कोणीतरी तिचा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवितो, तो मुंबईच्या मंडळात जातो, तेथून आखाती देशांतील वा विलायतेतील नातलगांकडे जातो. तेथे टिचकी मारली जाते ती व्हॉट्सॲपमधील पत्त्यावर. आपण दुव्यात घातलेली ‘ऑनक्लिक’ची आज्ञा आपल्या पानावरच राहिलेली असते. पत्ता एकच जातो, पान एकच उघडते. उघडल्याबरोबर त्या पानाने आपण होऊन दुसरी खिडकी उघडावी म्हटले तर त्या पानावर टिचकी पडलेलीच नसते. म्हणून ती अडविली जाते. जत्रेच्या फलकावरील क्यूआर संकेताचेही हेच. त्यातही पत्ता एकच मावतो. म्हणजे ज्या भाविकास केरीच्या धक्क्यावर ताटकळण्यापासून वाचवावयाचे, त्याच्यापर्यंत ही युक्ती पोहोचतच नाही.

काय करावे हे ठरले आहे

विश्वस्त मंडळापुढे हा विषय आला तेव्हा वरील कारणे मांडली गेली, आणि चौकटींच्या काळातील त्या दुसऱ्या तोडग्याचेच नवे रूप स्वीकारण्याचे ठरले. दुवा एकच पान उघडील. त्या एका पानात दोन्ही मजकूर असतील. वर सूचना व कार्यक्रम, आणि त्याच पानावर मार्ग व फेरीबोट. पानाच्या आरंभी ‘पालखीची वेळ’, ‘कसे यावे’, ‘निवास’ असे दुवे राहतील. ते त्याच पानावरील त्या त्या ठिकाणी नेतात, दुसरे पान उघडीत नाहीत. त्या प्रत्येक ठिकाणास आपला स्वतंत्र पत्ता असल्यामुळे ‘कसे यावे’ एवढेच कोणास पाठवावयाचे असेल तर तेही साधते, आणि तो वाचक बोट किंचित वर सरकवून कार्यक्रमही पाहू शकतो.

यावर एका जाणकार महाजनांनी रास्त शंका काढली. मार्गाचे पान वेगळे ठेवले होते ते काही कारणाने. जत्रा, सप्ताह, पालखी या सर्वांना मार्ग तोच. प्रत्येक सूचनेत तो मजकूर वेगळा लिहिला आणि उद्या फेरीबोटीची वेळ बदलली, तर एका ठिकाणी नवी आणि दुसऱ्या ठिकाणी जुनी वेळ राहावयाची. हा धोका खरा आहे. चुकीची वेळ ही वेळ न देण्याहून वाईट. त्यावर उपाय असा की मार्गाचा मजकूर एकाच धारिकेत लिहून ठेवावयाचा, आणि सर्व्हर नावाचा जो संगणक पाने पाठवितो त्याने प्रत्येक सूचना पाठविताना तो मजकूर आपण होऊन तीत मिसळावयाचा. यास ‘इन्क्लूड’ म्हणतात आणि ही सोय फार जुनी आहे. महाप्रसादात वरण एकाच हंड्यात शिजते आणि पंगती कितीही बसल्या तरी तेच वाढले जाते. मीठ कमी पडले तर हंड्यातच घालावयाचे. वेळ बदलली की एका ठिकाणी बदल होईल व सर्व सूचनांत तो दिसेल.

दोन पाने शेजारी-शेजारी ठेवण्याची खरीखुरी गरज आपल्या कामकाजात एकाच ठिकाणी दिसते, आणि ती म्हणजे नियमावलीतील दुरुस्ती. सर्वसाधारण सभेपुढे दुरुस्तीचा मसुदा येतो तेव्हा जुने कलम व नवे कलम डोळ्यांपुढे एकदम असल्याविना मत देता येत नाही, आणि देऊही नये. येथेही दोन खिडक्यांहून आपल्या सार्थ पोथ्यांची जुनी रीत बरी. मूळ ओवी आणि तिच्याखाली अर्थ, पुन्हा ओवी, पुन्हा अर्थ. वाचकास दोन ग्रंथ मांडीवर घ्यावे लागत नाहीत. मसुद्याचे पान त्याच धर्तीवर करण्यात येईल. रुंद पडद्यावर जुने कलम डावीकडे व नवे उजवीकडे दिसेल. भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यावर तेच पान आपोआप जुन्या कलमाखाली त्याचे नवे रूप, असे क्रमाने मांडले जाईल.

मराठी व इंग्रजी पाने एकदम उघडावीत, ही मागणीही काहींनी केली आहे. तीत फारसे तथ्य दिसत नाही. वाचक दोहोंपैकी एकच भाषा वाचतो. दुसरी त्याच्या वाटेत येते. प्रत्येक पानाच्या वर दुसऱ्या भाषेचा दुवा असला म्हणजे पुरे.

ज्यांना स्वतःच्या सोयीसाठी दोन पाने एकदम हवी असतील त्यांच्या हाती उपाय आहेतच. संगणकावर कंट्रोल ही कळ दाबून दुव्यावर टिचकी मारल्यास पान मागे नव्या टॅबमध्ये उघडते आणि हातातील पान तसेच राहते. भ्रमणध्वनीवर दुव्यावर बोट क्षणभर दाबून धरल्यास तोच पर्याय दिसतो. २०१६ मधील अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून पडदा दुभंगून दोन उपयोजने एकाखाली एक ठेवण्याची सोयही आहे. आणि नित्य उपयोगाची पाने, जसे पंचांग व आपले सूचनाफलक, संगणकावर एका वाचनखुणांच्या संचात साठवून ठेवली तर त्या संचावर उजवी टिचकी मारून ‘सर्व उघडा’ म्हणताच ती सारी एकदम उघडतात. गंमत अशी की अनेक पाने एकदम उघडण्याच्या या मार्गास ब्राउझर सहसा हरकत घेत नाही, कारण तेथे इच्छा वाचकाची असते.

देणगीच्या पानाविषयी

एक सूचना मात्र स्वतंत्रपणे नोंदविली पाहिजे. कोणताही दुवा उघडला असता त्यासोबत देणगीचे पानही उघडावे, असे काही हितचिंतकांनी सद्भावनेने सुचविले आहे. देवस्थानास निधीची गरज असते, हे सचिवास कोणी सांगावयास नको. तरीही ही सूचना स्वीकारू नये असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे आणि मंडळानेही ते मान्य केले आहे. पालखीची वेळ पाहावयास आलेल्यापुढे न मागता दानपेटी सरकविणे आपल्या रीतीस शोभत नाही. फंडपेटी देवळात असते, ती कोणाच्या मागे धावत नाही.

याहून गंभीर कारण फसवणुकीचे आहे. २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून भ्रमणध्वनीवरून पैसे देणे अतिशय सोपे झाले, आणि खोटे संकेत दाखवून पैसे उकळणेही तितकेच सोपे झाले. देवस्थानचे नाव व मूर्तीचे छायाचित्र लावून कोणीही एक पान तयार करू शकतो. आपलेच स्थळ जर न विचारता देणगीची खिडकी उघडू लागले, तर आपोआप उघडलेल्या खिडकीत पैसे भरण्याची सवय भाविकांस आपणच लावल्यासारखे होईल. मग खरी खिडकी कोणती व खोटी कोणती, हे वयस्क भाविकाने कसे ओळखावे? म्हणून सर्वांस कळविण्यात येते की आपल्या संकेतस्थळावर देणगीचे पान ‘देणगी’ या दुव्यावर स्वतः टिचकी मारल्याविना कधीही उघडणार नाही. न मागता समोर आलेल्या कोणत्याही पानावर देवस्थानच्या नावे रक्कम भरू नये. तसे पान दिसल्यास त्याचे छायाचित्र घेऊन ते बंद करावे व कार्यालयास दाखवावे.

जत्रोत्सवाचे एकत्रित पान सूचना प्रसिद्ध होताच उपलब्ध होईल. फेरीबोटीची शेवटची फेरी आणि रेडीमार्गे येण्याचा रस्ता ही माहिती पालखीच्या वेळेखालीच ठळक अक्षरांत दिली जाईल. ज्यांच्या भ्रमणध्वनीवर हे पान नीट दिसत नाही, अक्षरे फुटतात अथवा आतील दुवे चालत नाहीत, त्यांनी यंत्राचे व ब्राउझरचे नाव लिहून कार्यालयात कळवावे, ही विनंती.

आपला नम्र,
सचिव